ती पिशवी माझी आहे

रक्तपेढीत एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला रक्ताचं भय उरत नाही. वहिनींनाही उरलं नव्हतं. 'वहिनी' हे त्यांचं तिथलं नाव. नवरा एकेकाळी त्याच इस्पितळात एक्स-रे काढायचा. त्याच्या मित्रांनी वहिनी म्हणायला सुरुवात केली, आणि बघता बघता मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्याच त्या वहिनी झाल्या. नवऱ्याने पुढे नोकरी सोडली. वहिनीपण चिकटलं ते चिकटलंच.

त्या रविवारी दुपारी त्या एकट्याच कामावर होत्या. सोबतीला फक्त उंट. उंट म्हणजे तिथला शिपाई. सहा फूट उंची, मान पुढे काढून चालणं, आणि दिवसभर कितीही जिने चढायला लावा, कुरकुर नाही. नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण त्यालाही ते आवडत असावं.

रक्तपेढी तळघरात होती. वर दुपार असो की मध्यरात्र, खाली ट्यूबलाइटचा तोच थंड पांढरा उजेड. जिना उतरलं की एक चिंचोळा बोळ, आणि बोळाच्या टोकाला सरकत्या काचेची खिडकी. रक्त न्यायला येणाऱ्याने तिथेच बाहेर उभं राहायचं. दुसरी वाट नव्हती.

दोनच्या सुमाराला वहिनींनी जेवणाचा डबा उघडला आणि फोन खणाणला. प्रसूती विभागातल्या सिस्टरचा फोन. या सिस्टरना सगळे पाठीमागे 'तोफ' म्हणत, आणि त्या दिवशी तोफ खरोखरच धडाडली.

"वहिनी, बाळंतीण हातची चाललीय! रक्त थांबायचं नाव घेत नाही. हिचा गट कोणालाच माहीत नाही. नमुना काढलाय, पण जुळवत बसायला वेळ नाही गं. ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या दे, आत्ताच्या आत्ता!"

"काढते. उंटाला वर पाठवते, त्याच्याकडे नमुना आणि डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी दे. आल्या पावली पिशव्या घेऊन येईल."

उंट दोन दोन पायऱ्या टाकत पळाला.

एरवी रुग्णाचं रक्त आणि पिशवीतलं रक्त एकमेकांशी जुळवून पाहतात, मगच पिशवी देतात. त्याला पाऊण तास लागतो. पण जीवच चालला असेल तर ओ निगेटिव्ह न जुळवता देतात, कारण ते सहसा कोणालाही चालतं. वहिनींनी शीतकपाट उघडलं. ओ निगेटिव्हच्या नेमक्या दोनच पिशव्या उरल्या होत्या. त्यांनी दोन्ही खिडकीजवळच्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि वहीत नंबर लिहायला घेतले.

तेवढ्यात जळक्या रबराचा वास आला.

यंत्राचा पट्टा जळाला की काय म्हणून वहिनींनी मान वळवली. सगळी यंत्रं जागच्या जागी होती, पण आवाज कशाचाच येत नव्हता. शीतकपाटाची घरघर थांबली होती. प्लेटलेटच्या पिशव्या दिवसरात्र डुलवत ठेवणारं यंत्र समोर डुलत होतं, पण त्याची ती नेहमीची खटखट नाही… दिवे मात्र चालू होते. कानात कापूस कोंबावा तसं झालं.

"बाई…"

खिडकीबाहेर एक माणूस उभा होता. साठीचा असेल. चौकड्यांचा शर्ट, एक बाही वर दुमडलेली. रक्त दिल्यावर कापूस दाबून धरायला लोक कोपरातून हात मुडपून ठेवतात, तसा त्याने डावा हात मुडपून धरला होता.

"बाळंतिणीचे कोण तुम्ही?" वहिनींनी लिहिता लिहिताच विचारलं.

"कोणी नाही."

"मग जरा थांबा हं काका. घाईत आहे मी."

"ती पिशवी माझी आहे… उजवीकडची."

वहिनींना अशा वेळीही हसू आलं. "एकदा दिलेलं परत मागत नाहीत, काका."

"परत नकोय." आवाज इतका हळू की शब्द काचेला लागून विरत होते. "तिला देऊ नका… माझा गट तो नाही."

वहिनींनी पेन खाली ठेवलं. उजवीकडच्या पिशवीवर ठसठशीत लेबल होतं, ओ निगेटिव्ह. खाली पहिली सही होती, ती त्यांचीच.

"लेबल मी स्वतः लावलंय," त्या जरा तुटकपणे म्हणाल्या.

"एकदा बघा… दोनच मिनिटं."

फोन पुन्हा वाजला. "वहिनी, उंट निघालाय खाली! पिशव्या तयार आहेत ना?" वहिनी 'हो' म्हणाल्या आणि फोन ठेवला. वर बाई मरणाच्या दारात आणि खाली हा कोण कुठला माणूस वेळ खातोय. काच ओढून घ्यावी असं क्षणभर वाटलं. पण एकोणीस वर्षांत त्या खिडकीवर 'द्या हो, लवकर द्या' म्हणून रडणारे शेकड्यांनी पाहिले होते. 'देऊ नका' म्हणणारा हा पहिलाच. आणि त्याच्या डोळ्यांत भीती होती ती स्वतःसाठी नव्हती. ते वहिनींना कळलं.

प्रत्येक पिशवीला रक्ताने भरलेल्या नळीचं शेपूट असतं. वहिनींनी दोन्ही शेपटांचा एकेक तुकडा कापला आणि काचपट्ट्यांवर थेंब टाकले. मग गट ओळखायच्या औषधांचे थेंब. पट्ट्या हातात धरून हळूहळू हलवायला लागल्या.

डाव्या पिशवीचं रक्त होतं तसं राहिलं. एकसारखं, तलम. ओ निगेटिव्हचं असंच राहतं.

उजव्या पिशवीच्या पट्टीवर, दूध फाटावं तसं रक्त फाटलं. बघता बघता लाल गुठळ्या. बी पॉझिटिव्ह. शंकाच नको.

वहिनींनी ती पिशवी ओट्यावरून बाजूला सरकवली. शनिवारी लेबलं चिकटवताना बहिणीचा फोन आला होता. मोबाइल कान आणि खांदा यांच्यात धरून, तिच्या सासूच्या गोष्टींवर खिदळत त्यांनी काम उरकलं होतं. तेव्हाच झालं असणार.

"काका, तुम्ही…" म्हणत त्यांनी मान वर केली.

खिडकीबाहेर कोणी नव्हतं. शीतकपाट घरघरत होतं. यंत्राची खटखट सुरू होती. आणि बोळातून उंटाच्या चपला फटफटत येत होत्या.

"बोळात एक काका भेटले का रे तुला?"

"काका?" उंटाला धाप लागली होती. "चिटपाखरू नाही, वहिनी. पण हा वास कसला? काही जळतंय का?"

वहिनींनी डावीकडची पिशवी त्याच्या खोक्यात ठेवली. "ही घे आणि पळ. दुसरी पाच मिनिटांत देते म्हणावं."

उंट गेला. आता डोकं ताळ्यावर ठेवायला हवं होतं. बी पॉझिटिव्हला ओचं लेबल लागलं, तर ओच्या कुठल्यातरी पिशवीला बीचं लागलं असणार. चुकलेल्या पिशवीचा नंबर दोनशे सतरा. वहिनींनी शीतकपाटातून बी पॉझिटिव्ह लिहिलेली, तिच्या लगेच पुढची दोनशे अठरा काढली, शेपूट कापलं, पट्टी हलवली. गुठळी नाही. पुन्हा हलवली. नाही. दुसरी ओ निगेटिव्ह पिशवी हीच! उंट परत आला तेव्हा नवं लेबल लावून ती तयार होती.

मग त्यांनी बाळंतिणीचा नमुना तपासला. तिचा गट ए निघाला. ए गटाच्या बाईला बी गटाचं रक्त म्हणजे निव्वळ विष. वहिनी जमिनीवरच बसल्या.

पाच वाजता तोफेचा फोन आला. या वेळी आवाज अगदी मऊ. "थांबलं गं रक्त. तुझ्या दोन पिशव्यांनी वेळ निभावली. नंतरच्या ए गटाच्या चढवल्या. मुलगी झालीय तिला, आणि रडते अशी की माझी जागा घेईल."

वहिनी हसल्या आणि हसता हसता रडल्या. दुपारपासून डबा तसाच उघडा पडला होता. तो बंद करून त्यांनी शीतकपाटातल्या सगळ्या पिशव्या एकेक करून तपासल्या. एकशे बारा. सगळ्या बरोबर. रात्री घरी जाताना पाठीवरून गोणी उतरावी तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या आणि काहीही न लपवता चूक सांगितली. फक्त खिडकीवरच्या माणसाचं बोलल्या नाहीत. 'शंका आली म्हणून तपासलं' एवढंच म्हणाल्या. डॉक्टरांनी ते लेबल बराच वेळ पाहिलं. तपासणी झाल्याची दुसरी सही तिथे डॉक्टरांची स्वतःची होती, न बघता केलेली.

"वहिनी, आपण दोघंही थोडक्यात वाचलो," ते म्हणाले. त्या दिवसापासून लेबलांच्या खोलीत मोबाइल न्यायचा नाही असा नियम झाला.

दुपारी वहिनींनी रक्तदात्यांची वही उघडली. दोनशे सतरा, शुक्रवारचं शिबिर, घड्याळं दुरुस्त करणारा एक गृहस्थ. त्यांनी नंबर लावला. फोन मुलीने उचलला.

"बाबा? बाबा तुमच्याच इस्पितळात आहेत. शनिवारी सकाळी स्कूटर घसरली. डोक्याला लागलंय… अजून शुद्धीवर नाहीत."

वहिनी दोन मजले चढून अतिदक्षता विभागात गेल्या. डोक्याला पट्ट्या, तोंडात नळी, तरी ओळख पटायला वेळ लागला नाही. तोच चेहरा. डावा हात कोपरातून मुडपलेला. तिथल्या नर्सने सांगितलं, "कितीदा सरळ केला, परत तसाच करतात."

त्यानंतर वहिनी रोज वर जायच्या. पाय उचलायचे नाहीत, पण जायच्या. घड्याळजींच्या मुलीशी दोन शब्द बोलायच्या, तिला चहा पाजायच्या. कशासाठी येतात ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. आणि गुरुवारी सकाळी मुलगी जिन्यातच समोरून धावत आली, "मावशी, बाबांनी डोळे उघडले! मला ओळखलं!" तिने मिठीच मारली. वहिनींना आपल्या घरचंच कोणी वाचल्यासारखं झालं. माणूस जिवंत होता, शुद्धीवर होता. मग भ्यायचं कशाला?

दोन दिवसांनी त्याच्या तोंडातली नळी काढल्यावर वहिनी त्याच्या पलंगाशी गेल्या. काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "तुम्ही खिडकीतल्या बाई ना?"

"बाबा, तुम्ही रक्त दिलंत तेव्हा पाहिलं असेल यांना," मुलगी म्हणाली.

शुक्रवारी वहिनी रजेवर होत्या.

"वाचली ती?" त्याने विचारलं.

"वाचली, काका. आणि बाळही छान आहे. मुलगी झाली."

त्याने डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान पसरलं. वहिनींनी त्याचा हात हातात घेतला. ऊबदार, जिवंत हात. आता विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या उठायला लागल्या.

"आणि माझ्यामागचे?" तो डोळे न उघडता म्हणाला.

"मागचे कोण, काका?"

"रांग होती ना… पार जिन्यापर्यंत. मी सगळ्यांत पुढे होतो म्हणून मला आधी बोलता आलं. त्यांचं ऐकून घेतलंत का?"

वहिनींच्या अंगावर सरसरून काटा आला. पण मुलगी बघत होती. "हो काका," त्या कशाबशा म्हणाल्या. "शीतकपाटातल्या सगळ्या पिशव्या तपासल्या मी. एकूण एक बरोबर होत्या."

"असणारच," तो झोपेत बुडता बुडता म्हणाला. "त्यांनी अजून रक्त दिलेलं नाही…"