राखेची पुडी

मंगळवारी दुपारी मी चर्चमध्ये गेले ती वांगी घेऊन. तिथं काही भयंकर घडेल असं मनातसुद्धा नव्हतं. उपवासकाळ लागायच्या आदल्या दिवशी आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या मंडळींत, रोडग्यांचं जेवण असतं. आवारात गोवऱ्या पेटवायच्या, त्यात कणकेचे जाड रोडगे भाजायचे, मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटवायची आणि पोटाला तडस लागेस्तोवर खायचं. मग ईस्टरपर्यंत जिभेला लगाम. त्याच दिवशी एका कोपऱ्यात जुन्या झावळ्या जाळतात. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या शिंदीच्या झावळ्या लोक वर्षभर क्रूसामागे खोचून ठेवतात, त्यांचीच बुधवारची राख होते. फादर ती अंगठ्यानं कपाळावर क्रूसासारखी लावतात आणि उपवासकाळ सुरू होतो.

आमचं गाव हिवरखेडच्या अलीकडे, कपाशीच्या रानात. ख्रिस्ती घरं मोजकीच, पण चर्च जुनं आणि मोठं. छप्पर गळायचं, भिंतींना ओल, आत वटवाघळांचा वास. गेलं वर्षभर त्याची डागडुजी चालली होती आणि तिचे मुकादम म्हणजे आमचे हे, खुशालराव. घरचा नळ वर्षभर गळत राहिला, चर्चचं छप्पर मात्र आता एक थेंब गाळत नाही. मी बोलले की म्हणायचे, "देवाच्या घरी बायको नाई वं, म्हणून मले पाहा लागते."

त्या दुपारी शेवटचं एकच काम उरलं होतं. क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रं परत भिंतीवर टांगायची होती. येशूला शिक्षा झाली तिथपासून त्याला कबरेत ठेवलं तिथपर्यंतची ही चित्रं. उपवासकाळात दर शुक्रवारी आम्ही एकेका चित्रापुढं गुडघे टेकत प्रार्थना म्हणतो, आणि ती प्रार्थना सांगायचा मान ह्यांचा. लाकडी फळ्यांवरची ही चित्रं मेणबत्त्यांच्या काजळीनं इतकी काळवंडली होती, की मी लग्न होऊन आले तेव्हापासून मला त्यांत माणसं कमी आणि अंधार जास्त दिसायचा. अकोल्याच्या गजेंद्र पेंटरनं ती नेली, साफ केली, काचेच्या चौकटींत बसवली आणि टेम्पोत घालून आणली.

चित्रं वर जाऊ लागली तशा बाया हसायला लागल्या. येशूला शिक्षा सुनावून हात धुणारा सुभेदार पिलात म्हणजे थेट आमचा पिठाच्या गिरणीवाला. येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका म्हणजे आमच्या बायांतलीच शालू, तेच नाक, तेच दुमडलेले ओठ. शालूनं चित्राशेजारी उभं राहून सेल्फी काढला न् लगेच ग्रुपवर टाकला.

"गजूभाऊ, मले इचारलं तरी असतं," ती म्हणाली. "चांगलं लुगडं नेसून आली असती."

गजेंद्र हसला नाही. "ताई, म्या काईच काढलं नाई. वरची काजळी पुसली फक्त. तुमाले तं मी आजच पाहून राहिलो."

हसणं जरा खाली बसलं. बाहेर गोवऱ्या तडतडत होत्या, आत नव्या रंगाचा वास होता. तेवढ्यात अकरावं चित्र वर गेलं. येशूला क्रूसावर खिळतात ते. गुडघ्यावर बसून हातोडा उगारलेला शिपाई म्हणजे आमचे हे. कपाळ, गालफडं, भुवईतली खाचसुद्धा तीच.

कुणीतरी मागून म्हणालं, "बराबर हाय! वर्षभर हातोडाच तं ठोकून राहिले!"

मग जो हशा पिकला तो थांबेना. खरं सांगते, मीही हसले. ह्यांनी शिडी भिंतीला टेकवली, चपला घातल्या आणि निघून गेले. रोडग्यांना हातही लावला नाही. माझ्या नवऱ्यानं रोडगे सोडले म्हणजे गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही, हे मला तिथंच उमगलं.

घरी आले तर हे ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसले होते.

"उद्या मी येत नाई," ते म्हणाले.

"राख घ्याले येत नाई? काहून?"

"वर्षभर त्याचं घर बांधलं म्या, अन् त्यानं माह्या हाती हातोडा देला. आता कोणत्या तोंडानं कपाळ पुढं करू?"

त्यांचा आवाज फाटला. मला फार वाईट वाटलं. ह्यांच्या डोक्यात एकदा काही बसलं की बैल लावले तरी निघत नाही. उद्या हे चर्चच्या दारातून आत गेले नाहीत, तर पुन्हा कधीच जाणार नाहीत. पदर खोचला आणि तशीच गोदाबाईंकडं निघाले. आमच्या पॅरिशमधली सगळ्यांत जुनी बाई ती. चित्रांबद्दल काही ठाऊक असेल तर तिलाच.

गोदाबाई अंगणात बाजेवर बसून लसूण सोलत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो खुशाल नोहे वं. तो भगवंत होय. त्याचा आजा."

मी तिथंच खाली बसले.

तिनं सांगितलं ते असं. तेव्हाचे गोरे फादर स्वतः चित्रं काढायचे. गावातल्याच माणसांना समोर बसवायचे आणि चेहरे उतरवायचे. म्हणून तर नातवंडं-पणतवंडं आज ओळखू येतात. पण हातोडेवाला व्हायला कुणी तयार होईना. शेवटी भगवंत म्हणाला, कोणी तं पाह्यजे, अन् बसला. चित्र टांगल्यावर गावानं त्याला 'खिळेवाला' करून टाकलं. पोरं मागं लागायची. हळूहळू तो चर्चमध्ये येईनासा झाला.

"मी परकरातली पोट्टी होती तवा," गोदाबाई म्हणाली. "राखेच्या बुधवारी दारापर्यंत ये. बाहीर उभा राहे, उघडा पाय, टोपी हातात. फादर बलावत, पन आत नाई ये. तसाच गेला बिचारा... बिना राखेचा. तुह्या सासऱ्यानं कोणाले सांगू देलं नाई."

लसणाची पाकळी तिच्या बोटांत तशीच राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तो गेल्यावरबी बुधवारी त्या दारापाशी मी कदी टेकत नाई... जागा रिकामी नसते थे."

एरवी मी हसून उडवून लावलं असतं. त्या दिवशी घरी येताना मागं वळून पाहायचं धाडस झालं नाही.

ह्यांना सगळं सांगितलं. हे भिंतीकडून माझ्याकडं वळले. मग एवढंच म्हणाले, "मंग त्याचा काय गुन्हा?" आणि बुधवारी माझ्या आधी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून दारात उभे. माझा जीव असा भांड्यात पडला की मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. हे तोही पिऊन उठले.

चर्च गच्च भरलं होतं. राख घ्यायला रांग लागली. ह्यांच्या कपाळाला राख लागली, पण हे बाजूला होईनात. आता आमच्याकडं एक रीत आहे. घरी कुणी खाटेवर पडलेलं असेल, तर फादर त्याच्यासाठी कागदाच्या पुडीत चिमूटभर राख देतात आणि घरचं माणूस नेऊन लावतं.

"फादर, एक पुडी द्या," हे म्हणाले.

फादर नितेश अमरावतीचे, वयानं तरुण. "घरी कोण आजारी आहे, काका?"

"आजा."

फादरांनी हातातली राखेची वाटी खाली धरली. मग हळूच म्हणाले, "काका, ही राख जिवंत माणसाला देतात."

"द्या ना फादर... लय वर्षं उभा हाय तो दारात."

फादरांनी माझ्याकडं पाहिलं. मी हात जोडले. त्यांनी पुडी बांधून दिली. त्याच वेळी मागं दाराकडून नव्या फरशीवर पावलं वाजली. चप... चप... उघड्या ओल्या पायांची, संथ. रांगेतली माणसं सरकून वाट द्यावी तशी बाजूला झाली आणि मग एकमेकांकडं पाहू लागली. मधून कुणीच आलं नव्हतं. ह्यांनी पुडी नेऊन अकराव्या चित्राच्या चौकटीवर ठेवली. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मी भ्यायचंच विसरले.

शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाची वाट. ह्यांचा आवाज खणखणीत, नव्या छताखाली घुमणारा. शालू वेरोनिकेपुढं जरा जास्तच वेळ गुडघे टेकून राहिली, त्यावरून बायांत खसखस पिकली. अकराव्या चित्राशी आलो आणि ह्यांचा आवाज थांबला.

मी मान वर केली. शिपायाच्या कपाळावर राखेचा क्रूस होता. काचेच्या आत. मी पुडी उचलली. दोऱ्याची गाठ फादरांनी मारली होती तशीच होती, पण आत काही नव्हतं.

"कौशल्या... दिसते काय तुले?"

"दिसते..."

"मंग घाबरू नोको. पह्यल्यांदाच आत आला तो."

त्यांनी डोळे पुसले आणि पुढची प्रार्थना सांगितली. नंतर आवारात सगळ्यांनी खिचडी खाल्ली. गजेंद्रला फोन लावला तर म्हणाला, चौकट मागून खिळे मारून बंद केली आहे, हात जायला जागाच नाही. फादर म्हणाले, उघडायची गरजही नाही. ह्यांनी खिचडी तीनदा मागून घेतली, घरी येऊन आढ्याला ऐकू जाईल असे घोरले, आणि सकाळी उठून पहिल्यांदा घरचा नळ दुरुस्त केला. मी देवाचे आभार मानले. भगवंतआज्याचेही मानले.

शनिवारी झाडलोटीची पाळी माझी होती. दुपारची वेळ, चर्च रिकामं, बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी गुणगुणत एकेक चित्राची काच पुसत गेले. अकराव्यापाशी आले तर शिपायाच्या तोंडासमोर काचेवर रुपयाएवढी वाफ धरली होती. मी पदरानं पुसली. गेली नाही. पुन्हा पुसली. वाफ आतल्या बाजूनं होती.

मी पाहत असतानाच ती आपोआप विरली. आणि एका श्वासाएवढ्या वेळानं पुन्हा धरली.