चाळीस मिनिटं दार धरा

खोटं बोलत असेन तर माझी कवळी भर पंगतीत पडो, पण त्या घरातल्या केकला कान होते. चार पिढ्यांचा नियमच तसा. वर्षअखेरच्या सुट्टीतला केक भट्टीत गेला, की चाळीस मिनिटं घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही. बोललात, की केक बसलाच! एक मामा नुसता खाकरला होता, तर केकची पाटी झाली म्हणे.

त्या वर्षी आई हयात नव्हती. केक पहिल्यांदाच लेकीच्या हाती आला होता. बाहेरच्या खोलीत थोरली आत्या मांडीवर घड्याळ घेऊन बसलेली. तिनं बजावलं होतं, "केक बसला, तर आईचा तांब्याचा साचा चुलतवहिनीकडे जाईल."

साच्यात मिश्रण ओतून झालं आणि—कट्! भट्टीच्या दाराची बिजागरी तुटली. थांबायला वेळ नव्हता. फेटलेला फेस बसत चालला होता. ती जिन्यात धावली. समोरच्या दाराशी एक तरुण कुलूप बसवत होता.

"बिजागरी बसवता?"

"कुलूपवाला आहे मी. पण बिजागरी लांबची बहीणच आमची."

"बसवायला वेळ नाही. नुसतं दार दाबून धरा. चाळीस मिनिटं... आणि एक शब्द नाही."

"शिंक आली तर?"

"परत पाठवा!"

घरात शिरता शिरता तिनं त्याला आत्याची साच्याची अट सांगितली. साचा भट्टीत गेला. फडक्याची घडी घेऊन त्यानं दार दाबून धरलं. घरात घड्याळ तेवढं बोलत होतं.

दहाव्या मिनिटाला तिनं ओट्यावरच्या पिठात बोटानं लिहिलं – 'पाणी?' त्यानं मान डोलावली. तिनं पेला त्याच्या ओठांना लावला. थोडं पाणी हनुवटीवरून ओघळलं, ते तिनं पदरानं टिपलं... आणि मग पदर कुठे ठेवावा, हेच तिला सुचेना. 'मी धरू?' तिनं लिहिलं. त्यानं डोळे वटारले. हसू आलं दोघांनाही. दोघांनी ते दातांखाली दाबलं.

छत्तिसाव्या मिनिटाला करपल्याचा वास आला. केक नव्हे! फडकं घसरलं होतं आणि त्याचा तळवा थेट तापल्या लोखंडावर होता. डोळ्यांत पाणी, पण दार तसंच दाबलेलं.

"अहो, सोडा ना!" ती ओरडली.

बाहेर खुर्ची करकरली.

"चारच मिनिटं राहिलीत," तो पुटपुटला. "साचा जाईल तुमचा."

"जाऊ दे साचा! हात आधी!"

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिनं पदर दुमडून स्वतः भट्टीचं दार धरलं, त्याला नळाकडे पिटाळलं आणि घड्याळात चाळीस झाल्यावरच केक बाहेर काढला.

केक टरारून फुगलेला!

"पण... मी तर बोलले," ती म्हणाली.

"बोलल्यानं कुठला बसतोय? मधेच दार उघडलं की बसतो," आत्या म्हणाली. "माझे आजोबा भट्टीपाशी उभे राहून चुका काढायचे, म्हणून माझ्या आजीनं काढलेला नियम तो. साचा तुझाच गं, बाई."

नळाखाली हात धरून तो हळूच म्हणाला, "आता बोललं तर चालेल?"

"बोला की."

"पुढच्या वर्षी... बिजागरी पुन्हा मोडेल का हो?"

तिनं केकचा पहिला तुकडा त्याच्या तोंडात कोंबला.

"नाही मोडली," ती म्हणाली, "तर मी मोडेन."