टाचेचा एकुलता एक वाचक

दार उघडलं आणि आधी पाणी आत आलं, मग माणूस. आमच्या बर्गन शहरात रोजच्या पावसाचं कुणाला काही वाटत नाही, पण हा गडी रेनकोटासकट नेमका लोकरीच्या टोपलीवर निथळत उभा राहिला.

"अहो, जरा बाजूला! लोकर भिजतेय."

"सॉरी..." तो दचकून मागे सरला तो थेट सुयांच्या स्टँडवर. सगळ्या सुया जमिनीवर!

एरवी मी खळखळून हसले असते. त्या दिवशी मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. आमच्या लोकरीच्या दुकानातून दर गुरुवारी गिऱ्हाइकांना ईमेलने वार्तापत्र जातं. त्यात शेवटी माझं सदर. विणताना होणारे घोळ आणि त्यातून सुटका. मालकीण बोर्गहिल्डबाईंनी फर्मान काढलं होतं, "सुन्निवा, कुठला मजकूर किती वेळा उघडला जातो ते आकडे काढ. वाचला जात नाही तो बंद. तुझं सदरसुद्धा."

आकडे काढले तर काय, सगळ्यात वर मीच! 'मोज्याची टाच कशी वळवावी.' बाईंच्या लाडक्या स्वेटरांच्या मजकुरालाही मागे टाकलेलं. मी हवेत... मग नीट पाहिलं. ते जवळजवळ सगळं उघडणं एकाच ईमेल पत्त्यावरून झालेलं. म्हणजे वाचक एकच! आणि तोही बहुतेक वेडा.

"राखाडी लोकरीचा एक गुंडा हवा होता," तो सुया गोळा करत म्हणाला.

"दुकानाच्या क्लबात आहात? नाव?"

"एस्पेन वीक."

मी नाव टाइप केलं आणि बघतच राहिले. तोच पत्ता!

"टाचवाले तुम्हीच होय? अहो, झोपेतसुद्धा वाचता की काय?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मी... फेरीबोटीवर इंजिन बघतो. वेळ मिळाला की विणतो. हाताला ग्रीस, फोन सारखा बंद पडतो, मग परत उघडायचं..."

म्हणजे माझ्या लिखाणाचं कौतुक वगैरे काही नाही, नुसतं ग्रीस! मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू.

तेवढ्यात बोर्गहिल्डबाई आतून आल्या. "काढलेस आकडे?"

पहिला नंबर माझा, एवढंच सांगून मोकळी होऊ शकले असते. जीभच वळली नाही. "पहिली मीच आहे... पण वाचक एकच. हे काय, उभे आहेत."

बाईंनी त्याला चष्म्यावरून न्याहाळलं. "मग बंद."

"नका ना बंद करू!" एस्पेन केवढ्यांदा ओरडला! मग स्वतःच ओशाळला. "ग्रीसचं खोटं होतं. टाच तर मला केव्हाच जमली."

"मग परत परत काय वाचत होतात?" मी विचारलं.

"शेवटची ओळ."

शेवटची ओळ? हं... 'मी गावभर मोजे विणून देते, पण माझ्या एक्केचाळीस नंबरच्या पावलांना आजवर कुणी मोजा विणला नाही.' गंमत म्हणून लिहिली होती मी!

त्याने रेनकोटाच्या आतल्या खिशातून जाड राखाडी मोजा काढला. एकच. "एक्केचाळीस आहे," तो मोज्याकडे बघत म्हणाला. माझ्याकडे बघायची हिंमत कुठली!

बाईंनी मोजा उलटा केला, टाच चाचपली. "सुबक वळलीय हो. राहू दे तुझं सदर." आणि कॉफी करायला आत निघून गेल्या.

मी तिथेच बूट काढून मोजा चढवला. अगदी बेतलेला!

"आणि दुसरा?"

"लोकर संपली... म्हणून तर आलो."

"टाच येते ना? मग होईल लगेच."

"येत होती," तो हळूच हसला. "आत्ता तुम्हाला बघून विसरलो."

"लबाड! बस इथे. शिकवते. आणि ऐक... मला तू आवडलास. आता सुया पाडू नकोस."

पाडल्याच त्याने.

पुढच्या गुरुवारी आकडे काढले, तर टाचेचा मजकूर कुणी एकदासुद्धा उघडला नव्हता. बाई आकड्यांकडे बघून नुसत्या खाकरल्या. माझा एकुलता एक वाचक काउंटरमागे माझ्या शेजारी बसून दुसरा मोजा तिसऱ्यांदा उसवत होता.