शंख रिकामे कोण करतंय?

खट्! बाहेरून कुलूप लागलं आणि पडद्यामागे दडलेल्या तिघांची तोंडं उघडीच राहिली.

“थांबा! आमी आत हाव!” रत्नपाल दारावर धडाधड मुठी आपटायला लागला. पण व्यंकटरावांची जीप तोवर निघूनही गेली. डोंगरकडा गावचं ते नवंकोरं मंगल कार्यालय वस्तीपासून लांब, आणि आज लग्नाची तिथी नव्हती. हाका ऐकायला चिटपाखरूही नव्हतं!

“मोठे बाबा नांदेडला गेले. पाच वाजेपर्यंत येत न्हाईत,” प्रियदर्शनी रडवेल्या आवाजात म्हणाली. व्यंकटराव तिचे चुलते, कार्यालयाचे मालक.

“आन् आत्ता अकराच वाजलेत!” रत्नपाल म्हणाला.

ज्योतीनं दार ओढून पाहिलं. तिचे वडील पुंजाजी इथले राखणदार. पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून व्यंकटरावांनी मुंबईहून खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली होती. तिच्यात दोन पट्टेरी मासे होते, आणि टाकी साफ ठेवायला गोगलगायी न् शंखात राहणारे चिमुकले खेकडे. आठ दिवसांपासून मात्र गोगलगायी नाहीशा होत होत्या. शंख जागेवर, आतला जीव गायब!

“चावी पुंजाजीकडंच असते. गुडघेदुखीच्या औषधाला विकत असंल!” व्यंकटरावांनी काल परस्पर ठरवून टाकलं आणि उद्या संध्याकाळी हिशेब घेऊन काम सोड, असं सांगितलं. पुंजाजी मान खाली घालून घरी आले. बाबांचा तो उतरलेला चेहरा पाहून ज्योतीला रात्रभर झोप लागली नव्हती. खरा चोर पकडायलाच तर ती सुट्टीला साखरा गावाहून आलेल्या आतेभावाला, रत्नपालला, आणि मैत्रीण प्रियदर्शनीला घेऊन इथं दडली होती. आणि व्यंकटरावांनी आत न बघताच नवं कुलूप ठोकलं!

बाराला वीज गेली. पंखा थांबला. खिडक्या उंच, त्यांनाही जाळ्या. मे महिन्याच्या उन्हानं पत्रे तापले आणि घशाला कोरड पडली.

“टाकीचा पंप इन्व्हर्टरवर, आन् आपला पंखा बंद! माशांची काय मजा हाय!” रत्नपाल कुरकुरला. “त्यातलंच घोटभर पिऊ का?”

“खारं हाय ते, येड्या!” ज्योतीनं बजावलं.

रत्नपालच्या पिशवीत एकच काकडी होती. अर्धी त्यांनी तिघांत खाल्ली. उरलेली अर्धी पाच वाजेपर्यंत पुरवायची होती.

करायला काही नव्हतं, म्हणून ज्योती काचेला नाक लावून बसली. एक खेकडा गोगलगायीपाशी आला. त्यानं नांगी शंखात घातली, आतला जीव ओढून ओढून खाल्ला आणि मग आपला जुना शंख टाकून नव्यात शिरला!

“चोर! चोर आतच हाय!” ज्योती किंचाळली.

“पण काहून खातो तो तिला? ते तर सफाईवाले ना?” रत्नपालनं विचारलं.

प्रियदर्शनीला एकदम आठवलं. “टाकीवाल्यानं सुकटीचं पाकीट दिलं होतं. नवी टाकी हाय, शेवाळ न्हाई, खेकड्यांना रोज खायला घाला म्हणाला. मोठे बाबा म्हणाले, मंगल कार्यालयात मासळी चालायची न्हाई! सफाईवाले हाईत, घाण खातील!”

“घाण हाय कुठं?” ज्योती म्हणाली. “माझे बाबा रोज काच चकाचक पुसतात. तुझ्या मोठ्या बाबांचाच हुकूम! उपाशी हाईत ते, उपाशी!”

रत्नपाल लगेच काकडी टाकायला निघाला. ज्योतीनं त्याचा हात धरला. “आत्ता त्यांचं पोट भरलं तर मालकांना काय दाखवशील?”

“आन् आपण?”

“आपणही खायची न्हाई.”

पाच वाजेपर्यंतचे ते तास भयंकर होते! प्रियदर्शनी दोनदा रडली. रत्नपालनं काकडीकडं पाठ फिरवली. ज्योतीचेही ओठ सुकले होते, पण बाबांसाठी ती कितीही थांबली असती.

शेवटी कुलूप खडखडलं. व्यंकटराव दारातच ओरडले, “अरे! हे हाईत का चोर?” त्यांच्यामागे पुंजाजी उभे होते.

“चोर दाखवते. इकडं या!” ज्योती म्हणाली.

काचेआड एका खेकड्यानं दुसऱ्या गोगलगायीला धरलं होतं. तिचा मऊ जीव शंखाबाहेर लोंबत होता. व्यंकटरावांचे डोळे विस्फारले.

“मोठे बाबा, तुमच्या कार्यालयात मांसाहार तर सुरूच हाय!” प्रियदर्शनी म्हणाली.

ज्योतीनं काकडी खड्याला दोऱ्यानं बांधून पाण्यात सोडली. कानाकोपऱ्यातून खेकडे धावले! गोगलगायीला धरलेल्यानंही तिला सोडलं आणि गर्दीत घुसला. क्षणात त्यांच्याखाली काकडी दिसेनाशी झाली.

व्यंकटराव पुंजाजींकडं वळले. “जीव मी उपाशी ठेवले, आन् आळ तुझ्यावर घेतला! पुंजाजी, चुकलो मी. माफ कर.” मग त्यांनी ज्योतीच्या डोक्यावर हात ठेवला. “शाबास पोरी! एवढी तहान सोसून राखलीस ना काकडी! आजपासून त्यांना सुकट मिळंल, चार लोकं काय म्हणायचं ते म्हणोत. पुंजाजी, तू कामावर राहशील ना?”

पुंजाजींनी मुलीला जवळ ओढलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“उद्या येतो, मालक,” ते म्हणाले. “आधी या तिघायला पाणी पाजतो, जेवू घालतो.”