दरवाजावरची ढाल

रविवार, दिनांक १५ डिसेंबर २०२४, सकाळी आठ वाजता, ठाण्यात कोलशेतच्या खाडीकाठी, ज्याला गावकरी नुसता 'कोट' म्हणतात त्या पोर्तुगीज किल्ल्याच्या दरवाजाशी वल्लरीने सुदेशला प्रथम पाहिले. तो शिडीवर उभा होता. एका हातात थापी, दुसऱ्या हातात सिमेंटचे घमेले. त्याच्या तोंडासमोर, कमानीच्या माथ्यावर, दगडात कोरलेली ढाल होती आणि तिच्यावर मुकुट. आणखी दोन मिनिटांत ती ढाल सिमेंटखाली जाणार होती.

"खाली या," वल्लरी म्हणाली.

"कोण तुम्ही?"

"जुन्या इमारती दुरुस्त करते. डोंबिवलीजवळ कोपरला राहते. कमानीचं माप घ्यायला आले होते, आणि तुम्ही तीच बुजवायला निघालात."

सुदेश उतरला. खोपटच्या एसटी आगारात तो मेकॅनिक होता आणि रविवारी गावातल्या पोरांना घेऊन कोट साफ करायचा. कपाळावर सिमेंटचा ठिपका होता, तो त्याला ठाऊक नव्हता. तिला सांगावेसे वाटले. तिने सांगितले नाही.

"गावच्या समितीचा ठराव आहे मॅडम. फिरंग्यांची निशाणी आमच्या दारावर नको. तिथे आपली पाटी लावायचीय."

"आणि त्या पाटीवर काय लिहिणार? कोट कुणाकडून जिंकला?"

तो मग हसला. "डोंबिवलीवरून भांडायला आलात?"

"भांडायचा हक्क आहे. खाडी ही त्या काळची सरहद्द. तुम्ही फिरंग्यांच्या मुलखात, आम्ही कल्याणकडचे मराठ्यांच्या."

"मग आम्हाला सोडवायला एवढा उशीर का केलात?"

"सतराशे सदतीसला आलो की. तुम्हालाच घाई झाली होती की काय?"

शिडी धरून उभा असलेला गावातला पोरगा सुमित खो-खो हसला. सुदेशने घमेले खाली ठेवले. "ठीक आहे. जानेवारीत समितीची बैठक आहे. तोवर ढालीला कोणी हात लावणार नाय. पण बैठकीत तुम्ही बोलायचं."

"बोलेन. तोवर भिंतीच्या भेगा नीट बुजवू. सिमेंटने नव्हे, चुन्याने. सिमेंट आतली ओल कोंडून ठेवतं आणि दगड फुटतो."

चुना हा घाईच्या माणसाचा माल नव्हे. कळीचा चुना पाण्यात विरवावा, झाकून मुरू द्यावा, मग वाळूत कालवावा. सुदेशने पिंप आणले, वल्लरीने चाळण. आणि चुना मुरला की नाही हे पाहण्यासाठी ती दर रविवारी येऊ लागली. एकदा ती बुधवारीही आली. चुना काही तीन दिवसांत बदलत नाही, हे दोघांनाही माहीत होते.

एके रविवारी चुन्याचा शिंतोडा तिच्या मनगटावर उडाला. सुदेशने तिचा हात ओढून बाटलीचे पाणी त्यावर धरले. एक बाटली संपली. त्याने दुसरी उघडली.

"पुरे," ती म्हणाली.

"तुम्हीच सांगितलंत, चुना लागला की बराच वेळ धुवायचं."

"हो... पण इतका वेळ नाही."

"माप तुम्ही घ्या. मी धुतो." त्याने मान वर केली नाही. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

त्याच दिवशी त्याने सांगितले, की मराठ्यांच्या सतराशे सदतीसच्या मोहिमेत आपल्या गावच्या होड्या होत्या.

"पुरावा?"

"म्हातारी माणसं सांगतात."

"मग तसंच लिहायचं — 'गावात असे सांगतात'. जे ठाऊक आहे त्यापेक्षा एक अक्षर जास्त नको. खऱ्या अभिमानाला भर घालावी लागत नाही."

तो तिच्याकडे पाहत राहिला. "तुमच्याशी भांडताना माणूस हरतो, पण राग येत नाय. हे कसं काय?"

"सवय होईल," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन चाळण धुवायला निघून गेली.

१९ जानेवारीला गावदेवीच्या अंगणात बैठक बसली. अध्यक्ष परशुराम, म्हणजे सुदेशचे काका, शांतपणे म्हणाले, "कारभार आपला, कोट आपला. मग त्यांची ढाल कशाला?"

वल्लरी उभी राहिली. "ज्या दारावर ती ढाल होती, त्याच दाराशी माणसं लढली. ढाल झाकलीत तर ती माणसं कुणाशी लढली हेच झाकलं जाईल. दुबळ्याकडून घेतलेल्या किल्ल्याचा कसला अभिमान? ज्यांची जहाजं समुद्रावर हुकूम चालवत होती, त्यांच्याकडून हा घेतला. ती ढाल त्याची साक्ष आहे."

परशुराम म्हणाले, "बोलणं चांगलंय, ताई. पण तुम्ही बाहेरच्या. आज आहात, उद्या नाय. कोटाचं बरंवाईट आम्हालाच बघायचंय."

सुदेश उठला. "काका, त्या उद्याही असतील. म्हणजे... मी अजून विचारलं नाय त्यांना. पण असाव्यात, असं मला वाटतं. ढालीचं काहीही ठरो."

मागून सुमितने शिट्टी मारली. वल्लरीने हातातले कागद एकदा जुळवले, पुन्हा जुळवले.

"हा विषय बैठकीत नव्हता," ती म्हणाली.

"हरकत आहे?" सुदेशने विचारले.

"नाही." मग सगळ्यांना ऐकू जाईल असे, "मला हरकत नाही. पण मी ढालीसाठी बोलले ते त्यासाठी नव्हे. हे वेगळं नोंदवावं."

"दोन्ही वेगळं नोंदव रे," परशुराम लिहिणाऱ्याला म्हणाले, आणि त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीकडे पाहिले. ठमाबाई चाळीस वर्षे मासळी विकत होती. गावात तिचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. ती कंबरेवर हात ठेवून उठली, तिने आधी भाच्याकडे, मग वल्लरीकडे नीट निरखून पाहिले आणि म्हणाली,

"ढालीचा दगड हाय तिथंच राहील. आपण जिंकलाय तो."