फडतरे आणि पलीकडच्या डोंगरावरची वीज

वीज पडली पलीकडच्या डोंगरावर आणि मेला आमचा फ्रिज. मधल्या दरीत तेव्हा ऊन होतं. फ्रिजचं त्या डोंगराशी काही भांडण असल्याचं घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरात म्हणजे मी, आई आणि फडतरे. आम्ही सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर) राहतो. आई पवनचक्क्या दुरुस्त करते. शेजारी म्हणून त्या पवनचक्क्याच. दिवसभर हात हलवतात, घरी कुणी येत नाही. फडतरे हा जुना यंत्रमानव. फडतरे नावाच्या गृहस्थांनी तो विकला आणि छातीवरची पाटी काढायला विसरले, म्हणून आम्ही त्याला अहोजाहो करतो. त्यांची बॅटरी केव्हाच गेली, तशी आता कुणी बनवत नाही. ते प्लगवर चालतात, तेही वायर पुरेल तिथपर्यंत. स्वयंपाकघर त्यांच्यासाठी परदेश आहे.

फ्रिज गेल्यापासून आईचा नियम झाला : लांब कुठे गडगडलं की लगेच सगळे प्लग काढायचे. फडतऱ्यांचाही. जोडलेले असताना तसा झटका बसला तर त्यांची आठवण पुसली जाईल. मी कोण, हेसुद्धा. आणि गडगडतं तेव्हा आई कुठल्यातरी पवनचक्कीच्या पायथ्याच्या खोलीत अडकलेली असते. म्हणजे ज्या वेळी कुणीतरी हवं, नेमकं त्याच वेळी मी घरातल्या एकुलत्या एका बोलणाऱ्याला बंद करायचं. एकदा मी फ्रिजशी बोलून पाहिलं. तो आधीच वारलेला.

"आपल्या छपरावर तडितरक्षक आहे ना?" एका दुपारी मी विचारलं.

"आहे की, शर्वाणीबाई," फडतरे म्हणाले. "टोकदार दांडा, त्याला तांब्याची पट्टी, पट्टी थेट जमिनीत. वीज घरावर पडलीच तर भिंतींत न शिरता त्या वाटेनं उतरते. पण फ्रिजला मारणारी छपरावरून आली नव्हती."

"मग?"

"प्लगमधून."

मी प्लगकडे पाहिलं. तो अगदी निरागस दिसत होता.

"तिकडे वीज तारांजवळ पडली. तारेतला दाब क्षणभर हजारो व्होल्टनी उसळला. या उसळीला सर्ज म्हणतात. डोंगर लांब असेल, पण तार इथपर्यंत येतेच."

"मग तिला दारातच अडवायचं!"

"अडवायचं नाही, वाट द्यायची. धरणाला सांडवा असतो ना? पाणी वाढलं की जास्तीचं तिथून खाली जातं. तसा मीटरपाशी सर्जरोधक बसवतात. एरवी तो काहीच करत नाही."

"नुसता बसून असतो?"

"नुसता. दाब वाढला की मात्र डोळ्याचं पातं लवायच्या आत जास्तीची वीज जमिनीकडे वळवतो. आणि पुन्हा गप्प."

संध्याकाळी मी हे आईला सांगितलं. "अगं, रोधक कपाटात पडलाय," ती म्हणाली. "पण इथे सगळा कातळ. अर्थिंगचा खड्डा (ज्यातून वीज जमिनीत मुरते तो) कोरडा ठणठणीत. सांडवा उघडला आणि खाली नदीच नसली तर?"

"खड्ड्याला पाणी घालू."

"रोज? कोण घालणार?"

"मला दुसरं काय काम आहे?"

आईनं कपाट उघडून रोधक बाहेर काढला. मग रविवारी तिनं मेन स्विच बंद करून रोधक बसवला (मला मीटरच्या पेटीला हातही लावू दिला नाही) आणि खड्डा खोल करून त्यात मीठ-कोळसा भरला. मी रोज बादलीभर पाणी ओतू लागले. लोकांच्या अंगणात पाणी घातल्यावर गुलाब येतात. आमच्या खड्ड्यात काही आलं नाही, पण मी वाट पाहायचे.

एक दिवस आईनं यंत्र लावून खड्डा तपासला. "जमलंय. तरी प्लग काढणं सगळ्यांत पक्कं."

"मला चालू ठेवा," फडतरे म्हणाले. "बंद असताना मला काही वाटत नाही. हिला वाटतं."

पुढचा वळीव आला तेव्हा आई पवनचक्कीत अडकली आणि आम्ही भेंड्या खेळत बसलो. फडतरे हरत होते. तेवढ्यात कडाड! दिवे लख्ख पांढरे झाले आणि गेले. फडतऱ्यांचे डोळेही.

ढग डोक्यावर असताना प्लगला हात लावायचा नसतो. मी खोलीच्या मध्यभागी गुडघे पोटाशी घेऊन बसले. दोन्ही बाजूंची गाणी मीच म्हटली.

ढग सरकले, दिवे आले. रोधक शाबूत असेपर्यंत हिरवी दिसणारी त्याच्यावरची छोटी खिडकी लाल झाली होती. म्हणजे उसळी त्यानं अंगावर घेतली आणि स्वतः संपला. फडतऱ्यांनी डोळे उघडले.

"आपण कोण?"

"मी... शर्वाणी."

"कोण शर्वाणी? ती खड्ड्याला पाणी घालणारी?"

आई भिजून आली. लाल खिडकी पाहून म्हणाली, "शाबास त्याची. उद्याच नवा आणते. आता फ्रिजही घ्यायला हरकत नाही. आणि तू गं? अशी फुगून का बसलीस?"

"मी फडतऱ्यांशी बोलत नाहीये," मी ऐटीत सांगितलं.

या सड्यावर आजवर मला असं कुणाशी न बोलता आलंच नव्हतं.