सिस्टीमनं व्यापलेली जागा

व्रात्सा शहराच्या बोली-संग्रहात मी अकरा वर्षं संगणक सांभाळतो. सात संगणक, दोन प्रिंटर आणि कुणाचं काही अडलं की मी. मार्चच्या शेवटी संचालक कामेन द्राझेव यांनी मला वर बोलावलं. वसंताच्या स्वागताला पहिल्या मार्चला बांधतात तो लाल-पांढरा दोरा त्यांच्या मनगटावर अजून तसाच होता. टेबलावर अर्धी खाल्लेली, चीज भरलेली बानित्सा होती आणि संगणकाच्या पडद्यावर सूचना होती की डिस्कवर जागा उरलेली नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम सुजत जाते. हे मी लोकांना वर्षातून वीसदा समजावतो. नवं अपडेट आलं की ती जुनी आवृत्ती लगेच टाकून देत नाही. परत फिरावं लागलं तर असू दे म्हणून बाजूला ठेवते. काय बिघडलं त्याच्या नोंदी ठेवते, परवाची स्थिती ठेवते, झोपायला जाताना डोक्यातलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवते. मी साफसफाई केली, बरीच जागा मोकळी झाली आणि मी खाली आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जागा पुन्हा गेलेली होती. वर थोडी जास्तच.

फाइली मोजल्या तर बेरीज जमेना. जे दिसत होतं ते तीस गिगाबाइटच्या आत होतं, आणि सिस्टीम म्हणत होती, मी दोनशे व्यापले आहेत. व्हायरस शोधला, नव्हता. शेवटी डिस्कच बदलली. सीलबंद पाकिटातून नवी काढली, सिस्टीम नव्यानं घातली. दुसऱ्या दिवशी ती आदल्या दिवशी जिथं होती तिथून पुढं निघालेली होती.

"तुला जमत नसेल तर सांग, ल्युबेन," द्राझेव म्हणाले. "सोफियाहून माणूस बोलावतो."

त्यांना घाई होती. चोवीस मेला, अक्षरांच्या सणाला, त्यांचा वायव्य बोलींचा कोश प्रकाशित व्हायचा होता. आठशे पानं. शेवटची दुरुस्ती त्याच संगणकावर चालू होती आणि आता फाइल जतन होत नव्हती.

कोश त्यांचा नव्हता. हे संस्थेत मला माहीत होतं आणि त्यांना.

तो नेवेना गांचेवाबाईंचा होता. बाई एकतीस वर्षं टेपरेकॉर्डर घेऊन खेड्यांत फिरल्या. धरणाखाली गेलेली गावं, तरुण माणसं निघून गेल्यावर मिटलेली गावं, अशी त्रेचाळीस. म्हाताऱ्याकोताऱ्यांसमोर बसून त्यांनी शब्दन् शब्द गोळा केला. त्या कॅसेट संगणकावर मीच उतरवल्या. दोन हिवाळे आम्ही एका खोलीत बसलो होतो. त्या मला भाजलेल्या मिरच्या आणायच्या आणि कानाला हेडफोन लावून हसायच्या.

द्राझेव संचालक झाल्यावर बाईंना मुदतीआधी निवृत्त केलं गेलं. कॅसेट ओल लागून खराब झाल्या म्हणून कचऱ्यात गेल्या. मग गेल्या ऑक्टोबरात द्राझेवनी मला सांगितलं की बाईंचं सगळं ध्वनिमुद्रण पुसून टाक, कायमचं, परत काढता येणार नाही असं. कारण विचारलं तर म्हणाले, जागा लागते.

मी पुसलं. त्रेचाळीस गावांची यादी छापली, प्रत्येकापुढं त्याच्या ध्वनिमुद्रणानं किती जागा घेतली होती तो आकडा, खाली सही केली आणि कागद फाइलला लावला.

आठवडाभरानं बाई आपली प्रत मागायला आल्या. मी दारातच उभा राहून सांगितलं की काही उरलेलं नाही, जागा नव्हती. त्या ओरडल्या नाहीत. हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"जिवंतपणी गाव गेलं त्यांचं," त्या म्हणाल्या. "मी त्यांना बसायला जागा दिली होती. तीही तुम्ही काढून घेतलीत. आता ती माणसं जिथं बसतील तिथून उठायची नाहीत, ल्युबेन. मी त्यांना उठू देणार नाही."

जानेवारीत त्या गेल्या. दफनाला आम्ही चौघं होतो. द्राझेवनी हार पाठवला होता.

हे सगळं आठवायचं कारण एप्रिलमध्ये घडलं. डिस्क रोज किती भरते ते मी एका वहीत लिहीत होतो. आकडे वेडेवाकडे होते, एकासारखा दुसरा नाही. का कोण जाणे, मी फाइल काढून ती यादी शेजारी ठेवली. पहिल्या दिवसाची वाढ म्हणजे पहिल्या गावाचं ध्वनिमुद्रण. दुसऱ्या दिवसाची, दुसऱ्या गावाचं. शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत. त्या दिवशी एकोणिसावं गाव आलं होतं.

मी द्राझेवना काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी रोज सकाळी वर जायचो, पडद्याकडे पाहायचो, मान हलवायचो आणि त्यांचा चेहरा बघायचो.

त्यांनी दुसरा संगणक घेतला. तोही भरायला लागला. मग घरून स्वतःचा आणला. कोश त्यांनी कसाबसा छापखान्यात पोचवला. पण तोवर त्यांचं बोलणं बिघडलं होतं. बैठकीत त्यांना 'खिडकी' हा शब्द आठवेना. ते बोट दाखवत राहिले आणि मग भलताच शब्द बोलले. कुणाला कळला नाही. मला कळला. तो बाविसाव्या गावचा होता.

मेमध्ये त्यांना आपल्या मुलीचं नाव आठवेना. त्यांची बायको इस्क्रा मला जिन्यात भेटली, तिनं विचारलं की यांना कामाचा फार ताण आहे का. मी म्हटलं, कोश संपला की बरं वाटेल.

चोवीस मेला सकाळी मी त्यांच्या खोलीत गेलो. शाळांची मिरवणूक खालून चालली होती, बँड वाजत होता. संगणक लावला. सिस्टीमनं तीस गिगाबाइट व्यापले होते. बाकी डिस्क रिकामी होती.

घरून आणलेलाही तसाच. तिसराही.

मी धावत सभागृहात गेलो. का धावलो, ते आजही सांगता येत नाही.

द्राझेव बोलायला उभे राहिले होते. हातात कागद होता. त्यांनी तोंड उघडलं आणि एका म्हातारीच्या सुरात सांगायला सुरुवात केली की पाणी आलं तेव्हा गाय गोठ्यातच बांधलेली होती. मध्ये खोकले. बरोबर तिथेच खोकले जिथे ती म्हातारी खोकली होती. मी ते सतरा वेळा ऐकलं होतं, टेप तिथं अडकायची.

आधी लोक हसले. मग टाळ्या वाजवल्या.

ते थांबले नाहीत. त्यांना धरून न्यावं लागलं. गाडीतही ते बोलतच होते.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. मेंदूच्या तपासणीत सगळं जागेवर होतं.

जूनमध्ये मी द्राझेवांच्या घरी गेलो. अंगणात लिंडेनचं झाड फुललं होतं, भर दुपार होती. ते झाडाखाली खुर्चीत बसून बोलत होते. इस्क्रा म्हणाली, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत असंच चालतं. तिला ते ओळखत नाहीत. स्वतःच्या नावाला ओ देत नाहीत.

"कधी कधी मध्येच बाईच्या आवाजात बोलतात," ती म्हणाली. "तेव्हा मी घरात जाते."

ती घरात गेली.

मी समोरच्या खुर्चीत बसलो. यादीतलं शेवटचं गाव चाललं होतं, मेंढ्यांच्या घंटांविषयी काहीतरी. ते संपलं. पानांतल्या मधमाश्यांचा आवाज ऐकू येऊ लागला.

मग द्राझेव पुढं वाकले. हळूच, आपुलकीनं, नेवेनाबाईंच्या आवाजात त्यांनी विचारलं, "कुठल्या गावचे तुम्ही?"

माझा जन्म व्रात्सातला, इस्पितळातला. माझं सगळं आयुष्य व्रात्सात गेलं.

मी उत्तर दिलं. ब्रेस्त्ये, म्हणालो. वरच्या आळीतलं तिसरं घर, दारात अक्रोड.

त्या नावाचं गाव यादीत नव्हतं. मी ते नाव त्याआधी कधी ऐकलंही नव्हतं.

"सांगा ना," त्या म्हणाल्या, आणि मी सांगू लागलो.